बनूबाईची लढाई

बनूबाई ही अरबस्तानातली राणी. तिला बंदुकीची गोळी लागायची नाही. तिची माणसं केस मोकळे सोडून तलवारी परजत धावत यायची, आणि कंपनी सरकारच्या शिपायांना त्यांनी सुकट वाळत घालावी तसं वाळूत पसरून ठेवलं. हे सगळं मला मोठ्या आयनं सांगितलेलं.

मोठी आय म्हणजे माझ्या आजोबांची चुलती. मी पाहिली तेव्हा तिची ऐंशी उलटली होती. कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. हर्णैपासून चालत तासाभरावर आमचं गाव. मे महिन्यात आम्ही मुंबईहून गेलो की दुपारी मागच्या पडवीत ती कुळीथ पाखडायला बसायची आणि सुपाच्या तालावर बनूबाईची लढाई सुरू व्हायची. तिच्या सासऱ्यांचा आजा त्या लढाईत होता. खांद्यावर तलवारीचा वार झेलून, पण जिवानिशी परत आला. येताना धोतराच्या सोग्यात खजुराच्या बिया बांधून आणल्या, त्यांतली एक विहिरीजवळ रुजली. "त्ये बघ झाड. बनूबाईच्या मुलखातलं. आजून उभं हाय."

झाड होतं खरं. उंच, खवल्याखवल्यांच्या अंगाचं. पिवळट फळांचे घोस यायचे, पण चोखायला गेलं तर गर नावाला आणि बीच मोठी. आजोबा म्हणायचे, "अगं काकी, शिंदी आहे ती. रानात शंभर सापडतील." मोठी आय त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. "तू कागदातला माणूस. तुला झाडातलं काय कळतंय?"

आजोबा खरोखरच कागदातले होते. गिरगावातल्या एका छापखान्यात कंपॉझिटर. खिळे जुळवण्यात हयात गेली, त्यामुळे दिसेल तो शब्द उलटा करून बघायची खोड लागलेली. आमचं बिऱ्हाड ठाकुरद्वारला. रविवारी संध्याकाळी ते मला फिरायला नेत आणि मरीन लाइन्स स्टेशनाच्या पुलावर थांबत. "ह्या स्टेशनाला हे नाव कशावरून पडलं?" मी दर वेळी सांगायचो, मरीन ड्राइव्हवरून. दर वेळी टपली बसायची. "ड्राइव्ह काल झाला. स्टेशन त्याच्या कितीतरी आधीचं. तेव्हा रुळांच्या पलीकडे दर्याच होता. आणि हे नाव दर्यावरून पण नाही. लैनीवरून आहे. आपली लैन होती इथं."

लैन म्हणजे पलटणीतल्या शिपायांच्या राहण्याच्या रांगा. छावणीच्या गावात वाढलेल्याला हा शब्द सांगावा लागत नाही. मेट्रो सिनेमाच्या समोरच्या अंगाला मरीन बटालियनच्या लैनी होत्या, त्या गेल्या आणि नाव तेवढं रुळांना चिकटून राहिलं. पुलावर उभं राहून आजोबा बोट दाखवायचे तिकडे मला कधी लैन दिसली नाही. गाड्या, खांब आणि पलीकडे सोनापूरच्या चितांचा धूर दिसायचा.

कंपनी सरकारचं मुंबईला स्वतःचं आरमार होतं. बॉम्बे मरीन त्याचं नाव. १८३० साली त्याला इंडियन नेव्ही म्हणू लागले आणि १८६३ मध्ये ते मोडलं. ह्या आरमाराच्या जहाजांवर चढवायला म्हणून १७७७ साली मुंबईत देशी शिपायांची वेगळी पलटण उभी केली, ती ही मरीन बटालियन. खलाशी आणि ही पलटण ह्यांत गल्लत करायची नाही, हे आजोबांनी मला आगगाडीवरून समजावलं होतं. इंजिन चालवणारा वेगळा आणि गाडीतला बंदूकवाला पोलीस वेगळा. तसंच शिडं, दोर, सुकाणू हे खलाशांचं काम. शिपायांनी संगीन लावून दारूच्या कोठाराशी आणि कप्तानाच्या खोलीशी पहारा द्यायचा. लढाई जुंपली की डेकच्या कठड्याआडून शत्रूच्या डेकवर गोळ्या झाडायच्या. जहाजाला जहाज भिडलं की उडी घ्यायची, नाहीतर कोणी उडी घेऊन आलं तर त्याला परत पाण्यात ढकलायचं. आणि सगळ्यांत कठीण काम किनाऱ्यावर उतरण्याचं. होडीत दाटीवाटीनं बसायचं, लाटेवर अंग सावरायचं, काडतुसं भिजू द्यायची नाहीत, कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं आणि वाळूवर पाय टेकताच रांग धरायची. उलटी होत असली तरी रांग धरायची. हे शेवटचं वाक्य मोठ्या आयचं.

ही विद्या कंपनीनं आम्हाला शिकवली असं मात्र कोणी म्हणू नये. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं हेच करत होती. गलबतं वल्ह्यांवर चालायची, वारा पडला की मोठ्या विलायती जहाजाच्या पिछाडीला जाऊन भिडायची. आधी तोफांनी डोलकाठ्या आणि दोरखंड मोडायचे, मग तलवारवाले वर चढायचे. त्यांतही वल्हवणारा वेगळा आणि लढणारा वेगळाच होता.

आमच्या हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग आहे. १७५५ च्या एप्रिलात बॉम्बे मरीनचा कमोडोर विल्यम जेम्स ह्यानं तो घेतला. पुढच्या वर्षी विजयदुर्ग पडला आणि तुळाजी आंग्रे कैदेत गेला. दोन्ही वेळा पेशव्यांचं बळ इंग्रजांच्या पाठीशी होतं, ही कोकणातल्या माणसाची जुनी ठसठस. जेम्स विलायतेला जाऊन गबर झाला आणि त्याच्यामागे त्याच्या बायकोनं १७८४ साली लंडनच्या एका टेकडीवर त्याच्या आठवणीसाठी मनोरा बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग. आमच्या सुवर्णदुर्गाचं गोऱ्या जिभेवर झालेलं ते रूप. मनोरा अजून उभा आहे.

आमच्या घरची समजूत अशी की आमचे बापजादे आंग्र्यांच्या गलबतांवर होते. खरं असेल, नसेल. कोकणात प्रत्येक घराची अशी एक समजूत असते. पण हिशेब सरळ आहे. सुवर्णदुर्ग पडल्यावर बावीस वर्षांनी ज्या आरमारानं तो पाडला त्याच आरमारासाठी मुंबईत शिपाई हवे होते, आणि दर्याला न भिणारी, भातशेतीवर वर्षातले सहा महिने कसेबसे काढणारी माणसं किनाऱ्यावर बसलेली होती. आजोबांना ह्यात कमीपणा वाटायचा. ते पुटपुटत, "ज्यानं किल्ला घेतला त्याच्याच दारात उभे राहिले." मोठ्या आयला काही वाटायचं नाही. ती म्हणायची, "पोट काय किल्ल्यात ठेवून येतो का माणूस?" वय वाढलं तसा मी मोठ्या आयच्या बाजूला सरकत गेलो.

दर्याला न भिणारी असं मी लिहिलं, त्याला कारण आहे. बंगालच्या फौजेत समुद्र ओलांडायचा म्हणजे धर्म बुडाला, ही धास्ती मोठी होती. १८२४ साली ब्रह्मदेशच्या मोहिमेवर निघायच्या वेळी बराकपूरच्या ४७ व्या पलटणीनं कूच करायचं नाकारलं, त्यात बैलगाड्यांच्या खर्चाची तक्रार होती तशी काळ्या पाण्याची भीतीही होती. तोफा लावून ती पलटण मोडून काढली. पुढे १८५६ मध्ये कायदाच झाला की नव्या भरतीच्या शिपायानं हुकूम होईल तिथं, समुद्रापारसुद्धा, गेलं पाहिजे. सत्तावन्नच्या असंतोषात ह्या कायद्याचाही वाटा होता. मुंबईच्या फौजेत हा पेच फारसा नव्हताच. ज्याचा मामा मासे मारतो आणि ज्याच्या घरच्या बायकांचं माहेरी-सासरी जाणं-येणं मचव्यातून होतं, त्याला पाणी काळं कुठून दिसणार? जहाजावर शिपाई पोहे, चणे आणि गुळावर दिवस काढत, असं आमच्याकडे सांगतात. भावकीतल्या कोणाला शिजवलेलं अन्न नको झालं की बायका अजून म्हणतात, "काय गलबतावर चढलायस काय?"

मुंबईच्या फौजेची दुसरी खासियत म्हणजे एकाच कंपनीत सगळ्या जातींची माणसं. मराठे, महार, मुसलमान, उत्तरेकडचे परदेशी, बेने इस्राएल, सगळे एका रांगेत. आमच्या गावच्या बौद्धवाडीत एक म्हातारे होते, त्यांना सगळे सुभेदारबाबा म्हणत. ते स्वतः कधी पलटणीत नव्हते. सुभेदार त्यांचा आजा. हुद्दा घराला चिकटला आणि नातवापर्यंत उतरला. दापोलीच्या बाजाराला जाताना ते आमच्या आगरापाशी थांबत आणि आजोबांशी बोलत. "तुमचा बापजादा आणि आमचा बापजादा एकाच बोटीत व्हता. पाण्याचं पीप येकच व्हतं." हे वाक्य ते हसत बोलत. आजोबा मान हलवत. मग चहा यायचा. आजोबांचा पितळी पेल्यात, सुभेदारबाबांचा पडवीच्या वाशात वेगळा खोचून ठेवलेल्या कपात. तो कप मी रोज बघत होतो आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, हे लिहायला मला साठी उलटावी लागली.

दापोलीला पूर्वी सगळे 'काप' म्हणत, कॅम्पचं काप. १८१८ नंतर तिथं छावणी पडली, आणि फौजा हलल्या तरी पेन्शनदारांची वस्ती राहिली. त्यांत महार पेन्शनदार पुष्कळ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, सुभेदार रामजी, निवृत्तीनंतर तिथंच येऊन राहिले होते. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं 'लढाऊ जाती' कोणत्या ते ठरवलं आणि महारांची भरती बंद केली. पलटणीतले जुने पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर ह्यांनी त्याविरुद्ध १८९४ साली अर्ज तयार केला. ज्यांच्या बापजाद्यांनी शंभर वर्षं जहाजांवर आणि किल्ल्यांवर पहारे दिले त्यांना आता सांगण्यात येत होतं की तुम्ही लढाऊ नाही. सुभेदारबाबा ह्यावर कधी हसले नाहीत.

आता बनूबाईकडे येतो.

आजोबा गेले, मोठी आय त्याच्याही आधी गेली. मी नोकरीत असताना एका ग्रंथालयात जुन्या फौजी याद्या चाळत होतो. काम दुसरंच होतं. मरीन बटालियनच्या नावाखाली तिनं मिळवलेले युद्धसन्मान दिले होते. पहिला 'पर्शियन गल्फ'. दुसरा वाचला, पुन्हा वाचला आणि मग न राहवून मोठ्यानं वाचला. बेनी बू अली. समोरच्या टेबलावरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. बेनी बू अली, बनू बू अली, बनूबाली, बनूबाई. दीडशे वर्षं कोकणातल्या बायकांच्या तोंडून घासून घासून एका अरब टोळीची बाई झाली होती.

हकिकत अशी. इराणच्या आखातात रास अल खैमा हे अल कासिमी घराण्याचं बंदर. त्यांची गलबतं कंपनीच्या आणि हिंदी व्यापाऱ्यांच्या जहाजांना अडवत. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. आपल्याला हा शब्द ओळखीचा आहे, कान्होजी आंग्र्यांनाही ते हेच म्हणत. शारजाच्या आजच्या शेखांनी आपल्या पूर्वजांवरच्या ह्या शिक्क्याविरुद्ध १९८६ साली एक आख्खं पुस्तक लिहिलं, तसं आंग्र्यांच्या बाजूनं आपण उशिरा का होईना लिहिलंच. तर १८१९ च्या अखेरीस सर विल्यम कीर ग्रँटच्या हाताखाली सुमारे ३,००० माणसांची फौज मुंबईहून निघाली. गोऱ्यांच्या पलटणी होत्या, मुंबईच्या देशी पलटणी होत्या, आणि त्यांत मरीन बटालियनच्या कंपन्या होत्या. डिसेंबरात रास अल खैमा पडलं. जानेवारी १८२० मध्ये आखाताच्या शेखांशी तह झाला आणि त्या किनाऱ्याचं नशीब पुढची दीडशे वर्षं इंग्रजांशी बांधलं गेलं. शिपायांची एक शिबंदी मागे राहिली, ती किश्म बेटावर हलवली. उन्हाळा असा की बंदुकीची नळी हातात धरवत नाही, पाणी खारट, तापानं माणसं झोपलेली.

ओमानच्या पूर्व टोकाला जालान भागात बनी बू अली ही टोळी. कंपनीच्या जहाजावरून किनाऱ्यावर निरोप घेऊन गेलेल्या माणसाला तिकडे ठार केलं, हे निमित्त. किश्मचा अधिकारी कॅप्टन पेरोनेट थॉम्प्सन, मस्कतच्या सय्यद सईदची फौज बरोबर घेऊन, नोव्हेंबर १८२० मध्ये त्यांच्यावर चालून गेला. सूर बंदरात उतरून वाळवंटातून कूच. ताडामाडासारख्या दाट खजुरीच्या बागेसमोर गाठ पडली. आतून माणसं आली ती बंदुका न घेता, सरळ दुधारी तलवारी घेऊन, आणि धावत. शिपायांनी बार काढले. पुन्हा भरायला अवधी मिळाला नाही. संगिनी पुढे करण्याचा हुकूम झाला, पण रांग मोडली होती, आणि रांग मोडली की लांब बंदूक म्हणजे हातातलं लाकूड. पावणेतीनशेच्या आसपास माणसं त्या वाळूत राहिली. सय्यद सईद स्वतः हाताला जखम घेऊन परतला. मोठ्या आयची सुकट मला तिथं दिसली.

थॉम्प्सनवर मुंबईत कोर्टमार्शल झालं आणि ताकीद देऊन सोडून दिलं. तो पुढे विलायतेत खासदार झाला, धान्याच्या जकातीविरुद्ध त्यानं लिहिलेली पुस्तिका फार गाजली. ही माणसं पडली तरी मांजरासारखी चार पायांवर पडतात.

पुढच्या वर्षी मेजर जनरल लायोनेल स्मिथ मोठी फौज घेऊन गेला. २ मार्च १८२१ रोजी ती टोळी हरली. सन्मानाच्या यादीत जे 'बेनी बू अली' आहे ते ह्या दुसऱ्या स्वारीचं. मोठ्या आयच्या गोष्टीत दोन्ही लढाया एक झाल्या होत्या. मात्र एक भाग तिनं कधी सांगितला नव्हता, किंवा तिच्यापर्यंत आला नव्हता. जिंकल्यावर फौजेनं तटबंदी पाडली, पाण्याचे पाट मोडले आणि खजुरीच्या बागा उद्ध्वस्त केल्या. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. आमच्या पूर्वजाच्या सोग्यात बिया होत्याच असतील, तर त्या कुठल्या बागेतून आल्या हे मला कळलं होतं.

१८३५ मध्ये इंडियन नेव्हीचाच एक लेफ्टनंट, जेम्स वेलस्टेड, त्याच गावी गेला. जुनं वैर काढतील म्हणून धास्ती होती. त्यांनी त्याला पाहुणा म्हणून ठेवून घेतलं आणि आदरानं वागवलं. ह्या सगळ्या प्रकरणात मला एवढीच एक गोष्ट अभिमानानं सांगावीशी वाटते, आणि ती आमच्या बाजूची नाही.

दुसरी एक गोष्ट आजोबा सांगत, पण पुलावर नाही. ती सांगायला ते मला आझाद मैदानाच्या कडेला नेत आणि आवाज खाली आणत, जणू कोणी ऐकेल. सत्तावन्न सालची गोष्ट. मुंबईत तेव्हा देशी पायदळाच्या तीन पलटणी होत्या, दहावी, अकरावी आणि मरीन बटालियन. गोरे शिपाई मूठभर. पोलिसांचा कारभार चार्ल्स फोर्जेटच्या हातात. हा माणूस हिंदुस्थानातच वाढलेला, इथल्या भाषा घरच्यासारख्या बोलणारा, आणि वेष पालटून बाजारात हिंडणारा. सोनापुरात गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी शिपाई रात्री जमतात, दिवाळीत उठाव करून शहर लुटायचा बेत आहे, हे त्याला कळलं. त्यानं गंगाप्रसादला उचलून फोडला आणि त्याच्याच घराच्या भिंतीला भोकं पाडून पलीकडच्या खोलीत बसला. फौजेचे साहेब विश्वास ठेवायला तयार नव्हते. आमची माणसं असं करणार नाहीत, हे त्यांचं पालुपद. म्हणून फोर्जेटनं मरीन बटालियनचा मुख्य मेजर बॅरो ह्याला अंधारातून त्या घरात आणला आणि भोकाला डोळा लावायला सांगितलं. आत दिव्याच्या उजेडात बसलेले चेहरे बॅरोच्या ओळखीचे होते. रोज सकाळी कवायतीला तो ज्यांची सलामी घेत होता, तेच.

१५ ऑक्टोबर १८५७ च्या संध्याकाळी, दिवाळी तोंडावर असताना, मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीचा शिपाई मंगल गाडिया ह्या दोघांना मैदानावर तोफेच्या तोंडी दिलं. सगळ्या देशी पलटणी समोर उभ्या करून, बघायला लावून. आमच्या घरचा कोणीतरी त्या रांगेत होता म्हणे. आजोबांचे आजोबा, किंवा त्यांचे भाऊ. त्यानं घरी येऊन काय सांगितलं, असं मी विचारायचो. आजोबा म्हणायचे, "काही नाही. सांगितलं नाही म्हणून तर मला माहीत आहे की तो होता."

ड्रिल हवालदार म्हणजे रांग शिकवणारा माणूस. ज्यांना त्यानं उजवा-डावा शिकवला ते त्या दिवशी त्यानंच शिकवलेल्या रांगेत, त्यानंच शिकवल्याप्रमाणे ताठ मानेनं उभे होते.

फोर्जेटच्या नावाचा रस्ता ताडदेवला आहे. सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया ह्यांचं स्मारक मैदानाच्या कडेला झालं, तेही अलीकडे. आजोबांना ते बघायला मिळालं नाही.

पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो तसाच घडला. १८६३ मध्ये इंडियन नेव्ही मोडली आणि जहाजावरच्या पलटणीला जहाज उरलं नाही. नाव मात्र मरीनच. १९०३ साली सरसेनापती किचनेरच्या फेरबदलात तिला १२१ वी पायोनियर्स केलं. पायोनियर म्हणजे बंदुकीबरोबर पाठीवर कुदळ-फावडं घेतलेला शिपाई. फौजेच्या पुढे जाऊन रस्ता करायचा आणि वेळ आली तर लढायचं. पहिल्या महायुद्धात ही पलटण मेसोपोटेमियात आणि मग पॅलेस्टाइनमध्ये सातव्या, म्हणजे मीरत डिव्हिजनबरोबर होती. ऑक्टोबर १९१८ मध्ये ही डिव्हिजन हैफ्याहून बैरूतकडे किनाऱ्याकिनाऱ्यानं निघाली. वाटेत 'टायरची शिडी' म्हणून एक जागा आहे. एका बाजूला कडा, खाली समुद्र, आणि मधे कड्यात खोदलेल्या पायऱ्यांची अरुंद वाट. तोफगाड्या जाणार कशा? सॅपर्स आणि पायोनियर्सनी तीन दिवसांत खडक फोडून चाकं जातील असा रस्ता केला. एके काळी दर्यावरून किनाऱ्यावर उतरणारी पलटण आता कड्यावर पहार मारत होती आणि दर्या खाली होता.

१९२२ साली तिसरं बारसं झालं, दुसऱ्या बॉम्बे पायोनियर्सची दहावी (मरीन) बटालियन. कंसातल्या त्या एका शब्दात दीडशे वर्षं कोंबली होती. १९३३ मध्ये सरकारला पायोनियर पलटणी परवडेनात, तेव्हा त्या सगळ्याच मोडल्या. आज हिंदुस्थानात मरीन पायदळाचं वेगळं दल नाही. नौदलाचे मार्कोस कमांडो आहेत, ते १९८७ सालचे. भूदलाच्या काही तुकड्या किनाऱ्यावर उतरण्याचा सराव करतात. विलायतेत १६६४ साली सुरू झालेले त्यांचे मरीन मात्र अजून आहेत, आणि त्यांचे बँड, झेंडे, वाढदिवस सगळं थाटात चालतं. मोडलेल्या पलटणीचा वाढदिवस कोण करणार? स्वातंत्र्यानंतर तिला आपली म्हणायचीही पंचाईत, कारण ती सरकारची होती. सय्यद हुसेन सरकारविरुद्ध गेला तो आपला, आणि समोर ताठ उभे राहिले ते कोणाचे? आमच्या घरात दोघंही आहेत, असं मी आता म्हणतो.

विहिरीजवळचं झाड ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पडलं. आमच्या बागेतल्या माड-पोफळींबरोबर तेही मुळासकट आडवं झालं. पुतण्यानं फोनवर विचारलं, "काका, लाकूड काय करायचं?" शिंदी का खजूर, हे तेव्हा कोणाकडून तरी बघून घेता आलं असतं. मी म्हटलं, "विहिरीवर टाक पाय ठेवायला." ते तिथंच आहे. बौद्धवाडीतल्या सुभेदारबाबांच्या नातीचं पाणी आता आमच्याच विहिरीवरच्या पंपानं जातं, तिचा पाय त्यावर पडतो तसा आमचाही.

२०२४ साली राज्य सरकारनं मुंबईतल्या काही स्टेशनांची नावं बदलायचं ठरवलं, त्यात मरीन लाइन्सला मुंबादेवी हे नाव द्यायचं आहे. मुंबादेवीला मी नाही म्हणणार नाही, गिरगावात वाढलेला माणूस कसा म्हणेल? आजोबा असते तर शब्द उलटून बघून गप्प बसले असते. माझं रेल्वेकडे मागणं लहानसं आहे. नवी पाटी लागेल त्या दिवशी पुलाच्या पूर्वेकडच्या जिन्यावर, जिथून मेट्रो, सोनापूर आणि आझाद मैदान तिन्ही चालत गाठता येतात, तिथं आणखी एक हातभर पाटी लावा. तिच्यावर लिहा की १७७७ साली उभ्या राहिलेल्या मरीन बटालियनची लैन इथं होती आणि हवालदार सय्यद हुसेन त्याच पलटणीचा. मराठीत लिहा. 'लाइन' नको, 'लैन' लिहा.